जात्यावरून उचललेली ओवी

मी लोकांसमोर गायला लागले तेव्हा मला चव्वेचाळिसावं चालू होतं. चष्मा लागला होता, गुडघे कुरकुरत होते आणि थोरला लेक म्हापशाला नोकरीला लागला होता. कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या पोरी मला दर वेळी विचारतात, "काकी, इतक्या उशिरा कसं काय सुचलं?" जसं काही एका सकाळी मी चहाचं आधण ठेवता ठेवता ठरवलं, की चला, आजपासून गायिका होऊ या. शिरा पडो त्या प्रश्नावर! मी हसते आणि ठरलेलं उत्तर देते. खरं उत्तर द्यायचं तर माझ्या जावेबद्दल बोलावं लागेल, आणि ते मी आजवर टाळत आले आहे.

आमचं घर पेडणे तालुक्यातलं. घरात आम्ही दोघी सुना. वाड्यावर सुनांना नावाने कोणी हाक मारत नसे, माहेरच्या गावावरून मारायचे. मी मोरजीची, म्हणून मोरजेकारीण. धाकटी डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्शाची, म्हणून लाटंबार्शेकारीण. एवढं लांबलचक नाव दिवसातून पन्नास वेळा घेताना सासूची जीभ कशी वळायची देव जाणे, पण तिने ते कधी तोडलं नाही. वाड्यावर मोरजीच्या आम्ही तिघी होतो. लाटंबार्शाची ती एकटीच.

माझा नवरा सरकारी बसवर कंडक्टर. दीर डिचोलीकडे एका खाणीच्या कचेरीत कारकून, शनिवारी यायचा आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या बसने जायचा. माणूस वाईट नव्हता. मोजकं बोलायचा, कपडे इस्त्रीचे, वाड्यावर त्याला मान होता. धाकटीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ह्यावरून आमच्या घरात काय काय बोललं जायचं ते मी लिहीत बसत नाही. सासू तिला कुणाच्या ओटीला हात लावू द्यायची नाही. चवथीला गणपतीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसलो की पहिली नेवरी मीच वळायची, तिने वळली तर सासू तोंड फिरवून बसायची. धाकटी आपली हसायची. मला त्या हसण्याचाच राग यायचा. तिच्या जागी मी असते तर पिठाचं ताट सासूच्या डोक्यावर पालथं घातलं असतं.

गावात गिरण आली होती. पण उन्हाळ्यात तिझनाची गार पेज करायला नाचण्याचं पीठ लागतं, ते सासूला घरच्या जात्यावरचंच हवं. दुपारी जेवणं उरकून सासू आडवी झाली की आम्ही दोघी जावा समोरासमोर बसायचो. खुंट्याला चार हात लागले की ओव्या आपोआप तोंडात येतात. आणि आमच्यात एक रीत आहे. जात्यावर म्हटलेलं जात्यावरच राहतं. एखादीने ओवीत आपल्या जिवाचं काही सांगितलं, तर दुसरीने विचारायचं नाही, "आगे माये" म्हणायचं नाही, उठल्यावर त्याचा विषयसुद्धा काढायचा नाही. शपथ कोणी घालत नाही. माझ्या आईने मला हे तोंडाने कधी सांगितलंही नाही, तिच्याबरोबर दळताना मला ते कळलं.

धाकटीने त्या जात्यावर एक गाणं रचलं. चार-पाच महिने रचत होती. एक ओळ म्हणायची, आठ दिवसांनी तिच्यातला एक शब्द बदलायची, परत म्हणून बघायची. त्याची सुरुवात अशी होती:

लाटंबार्शाची मी लेक
दोतोर बोललो एक
दोष तुझ्यात ना देख
तरी गे खाली मान

घोवाचो राखलो मान
केलो बहिरो कान
वाड्यावयलें थोर-सान
वांझ म्हणीत गेलें

पुढे आणखी चार कडवी होती. दोतोर म्हणजे डॉक्टर, घोव म्हणजे नवरा. ती दोघं लग्नानंतर सहाव्या वर्षी पणजीच्या मोठ्या इस्पितळात जाऊन आली होती, हे मला ओवीतून कळलं. दोष दिराचा होता. बाहेर आल्यावर त्याने तिच्यापुढे हात जोडले, कुणाला सांगू नको म्हणाला, आणि तिने नाही सांगितलं. आईला नाही, सासूला नाही. पाच वर्षं त्या दोघांनी ते पोटात ठेवलं, म्हणजे तिने ठेवलं आणि तो शनिवार-रविवार येऊन गेला. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात खुंट्यावरून सुटला. रीतीप्रमाणे मी जात्यात मूठभर नाचणे घातले. परत खुंटा धरला.

त्याच वर्षी राजभाषेचं रान पेटलं. मराठी की कोंकणी, ह्यावरून सख्ख्या भावांनी चुली वेगळ्या केल्या. रस्त्यावर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या, आणि माझा नवरा आठ दिवस घरात बसून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटू लागला. हे असं का, ते तसं का, आमटीत मीठ कमी का! वैतागून मी त्याच्यावर एक गाणं केलं, बस बंद आणि घोव घरात, बाईने जायचं कुठे. देवळाच्या आवारात फुगडीला म्हटलं तर बायका पोट धरून हसल्या. तिथे शाळेतले एक मास्तर उभे होते. ते मराठीवाल्यांच्या सभा भरवायचे. दुसऱ्या दिवशी ते दारात हजर, "वहिनी, आमच्या सभेक येशात?" मी गेले. चार दिवसांनी कोंकणीवाले आले, तिथेही गेले. गाणं तेच. दोन्हीकडे लोक हसले, दोन्हीकडच्यांना वाटलं मी त्यांची. नवरा म्हणाला, "तू खयच्या बाजूची, ता एकदा ठरव." मी म्हटलं, "तुमची बस सुरू होवंदे, माका तेवढां पुरे."

पण खोटं कशाला बोलू, मला चटक लागली. चव्वेचाळीस वर्षं मी कुणाची तरी लेक, सून, आई होते, आणि आता माझ्या तोंडाकडे बघत चारशे माणसं गप्प बसत होती. घरी येऊन भांडी घासताना माझ्या कानात त्या टाळ्याच असायच्या. मग पणजीच्या रेडिओ केंद्रावरून पत्र आलं. लोकगीतं, चार, त्यातलं एकतरी स्वतः रचलेलं हवं. नवऱ्याने पत्र बसमध्ये सगळ्या उतारूंना दाखवलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी धाकटीने माझ्या साडीला इस्त्री करून दिली. डब्यात उंडे पाव आणि सुकी भाजी घातली. माझ्या केसांत अबोलीचा वळेसार माळला आणि म्हणाली, "तू बिनघोर गा. घरचां मी बगतंय." मी एकटीच बसने गेले.

तिथले अधिकारी सभ्य होते. मी चार गाणी म्हणून दाखवली. दोन आमची जुनी फुगडीची, ती त्यांनी घेतली. नवऱ्यावरचं गाणं ऐकून ते हसले आणि मान हलवली. "बाई, आंदोलनाचा विषय आहे. सरकारी रेडिओवर हे चालणार नाही." चौथंही माझंच होतं, रेशनच्या रांगेवरचं. त्यात मी मंत्र्याला चिमटा काढला होता, तेही गेलं. वाड्यावर सगळ्यांना सांगून आले होते! ते म्हणाले, "एखादं दळणाचं नाही का? पण ते जुनं नको. आजच्या बाईचं, तुम्ही केलेलं."

आणि मी धाकटीचं गाणं म्हटलं. सहाच्या सहा कडवी मला पाठ होती. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. संपल्यावर वाजवणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "वा वहिनी!" अधिकाऱ्यांनी पेन काढलं आणि विचारलं, "गीत कोणाचं?" मी म्हटलं, "माझंच." मग भाषा कुठली लिहू म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, तोंडात येते ती." ते हसले, मीही हसले.

बसमध्ये मी स्वतःची समजूत घातली. नाव तर कुणाचं नाही. नाव नसलेली बाई म्हणजे कुठलीही बाई. लाटंबार्शे हा शब्द त्यात आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ओवीत माहेरचं गाव येतंच, सवयीने कान ते ऐकतच नाहीत. वाड्यावर त्याच गावाने आम्ही तिला हाक मारायचो, तरी मला कळलं नाही.

शिगमो, म्हणजे आमची होळी, झाल्यावर एका रविवारी सकाळी ते लागलं. आमच्या सोप्यावर अर्धा वाडा जमला होता. नवऱ्याने रेडिओ जनेलावर, म्हणजे खिडकीत, ठेवला होता. सासू तिच्या कदेलवर टेकून बसलेली, दीर पायरीवर पेपर घेऊन, धाकटी आत सगळ्यांचा चहा गाळत होती. माझं नाव आलं, "गीत आणि स्वर" म्हणून, तेव्हा नवऱ्याची मान अशी ताठ झाली की बघून घ्यावी. पहिली दोन गाणी लोकांनी ताल धरून ऐकली. तिसरं सुरू झालं, पहिलाच शब्द लाटंबार्शाची, आणि सोप्यावरच्या सगळ्या बायकांच्या माना एकदम आतल्या दाराकडे वळल्या. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते.

सासूला जरा कमी ऐकू यायचं. ती मोठ्याने विचारत राहिली, "कसलो गो दोतोर? कोणाचो दोष?" दिराने पेपराची घडी घातली, अजून एक घडी घातली, आणि उठून चपला न घालताच चालू लागला. गाणं रेडिओवर चालूच होतं, बंद करायचं कुणाला सुचलं नाही. धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळ्यांना चहा दिला, मला पण.

दीर ओरडला नाही, हात उगारला नाही. सोमवारी माझ्या नवऱ्याला म्हणाला, "तिका लाटंबार्शाक पोचव. माका वाड्यार तोंड दाखवूक जागा नाय." मी आडवी गेले. म्हटलं, भावोजी, गाणं आहे ते, मी मनाने जुळवलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोतोर पण मनानच जुळवलंस?" त्याला वाटलं, बायकोने मला येऊन सांगितलं. तिने एक शब्द सांगितला नव्हता. मी फक्त जात्यावर गायले, एवढं ती म्हणाली असती तरी चाललं असतं, पण जात्यावरची गोष्ट बाहेर कशी सांगायची? म्हणून ती गप्प राहिली आणि मी बोलायला हवं होतं तिथे मीही गप्प राहिले. ट्रंक घेऊन ती माझ्या नवऱ्याच्याच बसने गेली.

त्यानंतर माझं गाणं वाढलं आणि जेवण तुटलं. रेडिओवर ऐकून ठिकठिकाणची बोलावणी येत होती, सगळ्यांना तेच गाणं हवं. मी ते नाकारून दुसरी गाणी म्हणायची. सासू माझ्याशी बोलेना. दीर शनिवारी यायचा बंद झाला. नवरा म्हणाला, "मिटतला हळूहळू." मला चैन पडेना. एका सकाळी कुणाला न विचारता मी डिचोलीची बस धरली आणि तिथून लाटंबार्शाला गेले.

काजूचा हंगाम होता. ती भावाच्या बागायतीत बोंडू गोळा करत होती. बोंडूची बी पिळून काढून एका टोपलीत, बोंडू दुसऱ्या टोपलीत. बीच्या तेलाने तिच्या बोटांची सालं गेली होती. मला बघून उठली नाही. मी तिच्यासमोर खाली बसले आणि रडायलाच लागले. म्हटलं, माझी चूक झाली, तो शब्द माझ्या ध्यानात आला असता तर काढून टाकला असता, दुसरं काहीतरी घातलं असतं.

"कसलो शब्द?" ती म्हणाली.

"लाटंबार्शे."

तिने हातातला बोंडू टोपलीत टाकला. "त्या शब्दाचां नाय गो माका. लोकांक कळलां, कळूंदे. पाच वर्सां उरावर धोंड घेवन होतंय, ती गेली. तेणी माका हय धाडली, ताय सोसतंय." मग ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "पण रेडिओवर सांगलां, गीत तुजां. ता कोणी सांगलां तेंका?"

मी टोपलीतला एक बोंडू उचलून त्याची बी पिळू लागले.

"लाज माजी आणि नाव तुजां? ह्यो खयचो न्याय? त्या घरात ताट, वाटी, न्हेसूचां लुगडां, सगळां तुमचां. ह्यां एक गाणां माजां होतां. कोणाक मागूक गेलंय नाय. पाच म्हयने घडयलां. तू समोर होतंस, तुका ठावूक आसा खयचो शब्द कितले फावटी बदललंय तो!" तिचा आवाज चढला होता. अकरा वर्षांत तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "माका घरात न्हेले काय नाय न्हेले काय. तू फकत सांग. चार माणसांत उभी रवन सांग, ह्यां माज्या जावेन केल्लां म्हणून."

"सांगतंय," मी म्हटलं. "देवाची आण, सांगतंय."

तेव्हा तिने मला बोंडू कापून मीठ लावून खायला दिला. बसपर्यंत पोचवायला आली. गोवा घटक राज्य होणार म्हणून सगळीकडे तयारी चालली होती. पेडण्यात शाळेच्या मैदानावर सोहळा होता आणि माझं गाणं होतं. मी तिला म्हटलं, तिथेच सांगते, तू ये ऐकायला. तिचे डोळे चमकले. "येतंय," म्हणाली.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो कधी नव्हे तो संतापला. "माज्या भावाचां नाक कापतलंस? रेडिओवर नाव नव्हतां, लोकांक संशय आसा तेवढोच. तू स्टेजवर सांगलंस काय झालां, शिक्काच मारलंस. मग तो तिका जल्मात घरात घेवचो नाय." त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, "ती स्वतः सांग म्हणते." तो म्हणाला, "तिका खुळ लागलां, तुका पण लागलां?"

सोहळ्याचा दिवस आला. मैदानात पताका, ढोल-ताशे, शाळेची पोरं पांढऱ्या कपड्यांत, पुढच्या रांगेत पुढारी. मराठीवाले, कोंकणीवाले, सगळे त्या दिवशी एकमेकांना लाडू भरवत होते. दुपारी चारला माझी पाळी. मी गर्दीत धाकटीला शोधलं, दिसली नाही. दीर दिसला. मैदानाच्या कडेला माझ्या नवऱ्याशेजारी हात बांधून उभा होता, बराच वाळला होता. निवेदकाने सांगितलं, आता रेडिओवर गाजलेलं गीत, गीतकार आणि गायिका, आणि माझं नाव. टाळ्या पडल्या. माईक माझ्या तोंडासमोर होता. बोलायला कितीसा वेळ लागतो? ह्या ओव्या माझ्या जावेच्या. एवढंच वाक्य, मी बसमध्ये घोकत आले होते.

मी ते वाक्य म्हटलं नाही. सरळ गाणं सुरू केलं. लाटंबार्शाची काढलं आणि "दूर गावची मी लेक" म्हटलं.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले, की दिराचा चेहरा बघून माझा धीर झाला नाही, धाकटीचा संसार वाचावा म्हणून मी गप्प राहिले. खोटं आहे ते. टाळ्या पडल्या तेव्हा मला ते गाणं माझं हवं होतं. माझी बाकीची गाणी हसण्याची होती. रडवणारं ते एकच होतं, आणि ते मी केलेलं नव्हतं. हे चारशे लोकांना सांगायचं आणि त्यांच्या तोंडावर बदललेला भाव बघायचा, हे मला झेपलं नाही.

गाणं संपलं, नवरा आणि दीर निघून गेले. मी शाल-श्रीफळ घेऊन मैदानाबाहेर आले तर समोरून धाकटी धावत येत होती. नवी साडी, केसांत फुलं, घामाने थबथबलेली. त्या दिवशी बऱ्याच बसगाड्या पणजीच्या सोहळ्याला नेल्या होत्या, ती डिचोलीत दोन तास अडकली होती. येऊन तिने माझा दंड धरला.

"झालां? सांगलंस?"

मी म्हटलं, "सांगलंय."

"कितां सांगलंस? समकां सांग माका."

"सांगलंय की ह्या ओव्या माझ्या धाकट्या जावेन रचल्या, लाटंबार्शाच्या. मी फकत गातंय."

"लोक कितां म्हणाले?"

"टाळ्यो मारल्यो. लय."

तिने तोंडावर पदर धरला. मग रडत रडत हसायला लागली, तिथे रस्त्यात, येणारे-जाणारे बघत होते. फेरीवाल्याकडून खाजें घेतलं, पुडा माझ्या हातात कोंबला. मी ते खाल्लं. शेवटची बस धरून ती परत गेली. खिडकीतून हात हलवत होती.

आठ दिवस मी दाराकडे बघत काढले. कोणीतरी तिला सांगेल, ती येईल आणि माझ्या झिंज्या उपटील. तसं काही झालं नाही. झालं ते भलतंच. सासूने दिराला डिचोलीहून बोलावून घेतलं, खोलीचं दार लावलं आणि दोतोर काय म्हणाला ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं. बाहेर आली ती एवढंच म्हणाली, "चवथी आदी माका माजी सून हय व्हयी." दीर गेला आणि तिला घेऊन आला. त्या वर्षी पहिली नेवरी सासूने तिच्या हातात दिली. वाड्यावरच्या बायका मला म्हणू लागल्या, तुझ्या गाण्यानं पुण्य केलं गो! धाकटीही तसंच मानायची. माझ्या कार्यक्रमाच्या साड्या तिनेच इस्त्री करायच्या, असा तिचा हट्ट.

दिवाळीच्या सुमाराला रेडिओवर ते गाणं परत लागलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. "गीत आणि स्वर", माझं नाव. धाकटी क्षणभर ऐकत राहिली, मग म्हणाली, "जुनी टेप ती. तेंका कळूक नाय आसतला. तू एक पत्र घाल गो तेंका."

"घालतंय," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी तिने विचारलं, "घातलंस पत्र?" मी म्हटलं, घातलं. कार्यक्रम वाढत होते, माझी कॅसेट निघाली. गाणं मधूनमधून रेडिओवर लागायचं, आणि ती विचारायची, "जाप इली काय गो तेंची?" मी म्हणायची, अजून नाही, सरकारी काम. एकदा तर तिने पोस्टाचं पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं, म्हणाली, परत घाल. ते पाकीट मी कोरंच ठेवलं.

पुढच्या चवथीला आम्ही नारळ खवत बसलो होतो. बाहेर रेडिओ लागला होता. गाणं आलं, माझं नाव आलं. मी मान खाली घालून वाट बघत राहिले, आता विचारील, उत्तर आलं काय म्हणून. ह्या वेळी खरं सांगायचं असं मी मनाशी म्हटलंही होतं. गाणं सहाच्या सहा कडवी वाजलं आणि संपलं. मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती, किती वेळ बघत होती कोण जाणे.

"खोबरां पुरे काय गो?" ती म्हणाली. "काय आनीक एक नारळ फोडूं?"